आवाज आहे, आजार नाही

डॉ. प्रज्ञाताईंची आणि माझी पहिली गाठ नांदेडच्या एका दवाखान्यात, बालरुग्ण विभागात पडली. मी नुकताच रुजू झालो होतो आणि गळ्यातल्या नव्या स्टेथोस्कोपचा मला भलताच तोरा होता. हदगावकडच्या एका बाईंचं तान्हं बाळ तपासून मी ऐटीत सांगितलं, "ठोक्यांमध्ये जादा आवाज आहे, मॅडम. पण अगदी बारीक. काळजीचं कारण नाही."

मॅडमनी बाळाला हात लावण्याआधी आईला विचारलं, "दूध कसं पितंय लेकरू?"

"थांबून थांबून पितंय बाई. डोस्कं घामानं वलं होतंय निस्तं."

त्याच दिवशी मॅडमनी बाळाच्या हृदयाचा इको करवून घेतला. हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र निघालं. शस्त्रक्रिया वेळेत झाली, बाळ वाचलं. मला त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आवाज मोठा की बारीक, एवढ्यावरून धोका ठरत नाही. लेकरू पितं कसं, वाढतं कसं, ओठ निळे पडतात का, खेळताना दम लागतो का, हे आधी विचारा. पुष्कळ निरोगी मुलांच्या हृदयातही आवाज असतो."

घाबरलेला माणूस अर्धंच ऐकतो. शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलंच नाही. त्यानंतर जादा आवाज ऐकू आला की मी लाल शाईने 'हृदयात दोष' असं लिहून मोकळा होऊ लागलो. कंधार तालुक्यातल्या एका शाळेच्या तपासणीत दहा वर्षांच्या मुक्ताच्या कागदावर मी तेच लिहिलं. तिच्या अंगात ताप होता, आणि तापात असा आवाज वाढतो हे मला पाठ होतं. तरी लिहिलं.

पाच वर्षांनी तिचे वडील तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घेऊन मॅडमपुढे बसले. दहावीला मुक्ताला उत्तम गुण पडले होते आणि तिला पुढे शिकायला लातूरला जायचं होतं.

"काळजाला भोक हाय पोरीच्या," ते म्हणाले. "आप्रेशन सांगतेल म्हणून भ्यालो, इतके दिस आलो न्हाई. आता लातूरला एकली कशी ठिवू?"

मॅडमनी मुक्ताला झोपवून तपासलं, बसवून तपासलं, इको केला. हृदय ठणठणीत होतं. मग नेहमीच्या पद्धतीने त्यांनी स्टेथोस्कोप वडिलांच्या कानाला लावला आणि लेकीचं हृदय त्यांना ऐकवलं. आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय आईबापांची भीती जात नाही, असं त्या म्हणतात. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

कागदावरची सही मॅडमनी पाहिली होती आणि मी शेजारीच उभा होतो. मंडळींसमोर मात्र त्यांनी माझं नाव काढलं नाही. ते गेल्यावर म्हणाल्या, "बापाला पटलंय, घराला पटायचंय. रविवारी तुम्ही जा. मी येते सोबत."

आम्ही एसटीने मुक्ताच्या गावी गेलो. घरची आणि शेजारची माणसं जमली. चूक माझी होती आणि पोरीचं हृदय तेव्हाही धडधाकटच असणार, हे मी कसंबसं सांगितलं. मुक्ताच्या आईंनी मला विचारलं,

"म्हंजे दोरीवरच्या उड्या बी मारू दिल्या न्हाईत म्या पोरीला, ते उगंच?"

त्या रडू लागल्या. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मॅडम उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "तुम्ही जीव लावलात, बाई. चुकलं आमचं." चूक एकट्या माझी होती. एवढ्या मोठ्या बाईंनी ती चारचौघांत आपल्या पदरात घेतली, हे मी जन्मात विसरणार नाही.

मुक्ता आम्हाला पोचवायला फाट्यापर्यंत आली. एसटी दिसल्यावर मला म्हणाली, "सर, माझी पाच वर्सं गेली ती गेली. पुढच्या पोरीच्या कागदावर लिवायच्या आधी तिच्या आईशी बोलत जा."

ती लातूरला गेली. मी आज उदगीरला दवाखाना चालवतो. शंका असेल त्या लेकराला इकोला पाठवतो, नसेल तिथे 'आवाज आहे, आजार नाही' असं ठळक लिहितो, आणि दोन्ही वेळा आईशी बोलल्याखेरीज पेन उचलत नाही.

मॅडमना आज साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं असं सगळेच म्हणतील. माझ्या मागण्यात स्वार्थ आहे. आम्ही अजूनही चुकतो, आणि चुकल्यावर ज्या दारात एकट्याने जायचं धाडस होत नाही, तिथे सोबत येणाऱ्या मॅडम आम्हाला अजून पुष्कळ वर्षं हव्या आहेत.