वरच्यांचं ऊन

माझी धाकटी जाऊ माझ्यापेक्षा उंच आहे, गोरी आहे, तिच्या पोळ्या माझ्यापेक्षा पातळ होतात आणि तिचा नवरा तिला गाडीवर मागे बसवून बाजारात नेतो. एवढं सगळं मी पोटात घातलं होतं. घरात राहायचं म्हटलं की घालावं लागतं. पण तिने गच्चीवर सोलर बसवलं, तेव्हा माझ्या पोटात जागा उरली नाही.

बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यात आमचं घर आहे. खाली आम्ही, वर दीर आणि जाऊ. सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे खाली झोपतात, सकाळी खाली जेवतात, रात्री वर. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे जेवणाची ही वाटणीही त्यांनीच करून टाकली होती, कोणी भांडायच्या आत. गच्ची मात्र वाटली नव्हती. ती सगळ्यांची होती, म्हणजे खरं तर माझी होती, कारण वर चढून काम करणारी मी एकटी.

उन्हाळा लागला की आमच्याकडे लाइट जाते. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड थांबली की पंख्याकडे न बघताच कळतं. जावेच्या माहेरी कोणीतरी सोलर बसवलं होतं, ते बघून आल्यापासून तिच्या डोक्यात तेच. कंपनीवाला आला, गच्चीवर फिरला. अर्ध्या गच्चीवर शेजारच्या तीन मजली इमारतीची सावली दुपारभर पडून असते. तो म्हणाला, या बाजूला काही उपयोग नाही, प्लेटा त्या बाजूला लावू. ती बाजू म्हणजे सगळ्या गच्चीवरचं एकुलतं एक चांगलं ऊन. मला कोणी विचारलं नाही. मी चहा नेऊन दिला तेवढा.

प्लेटा चढल्या, त्या दिवशी जावेने त्यांना हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, मावा जिलेबी वाटली. आमच्या वाट्याला आली ती मी खाल्ली नाही. नंतर खाल्ली, पण तिच्यासमोर नाही.

आता त्या उन्हाचं मला एवढं काय, ते सांगते. दर उन्हाळ्यात मी ज्वारीचे बिबडे करते. ज्वारी भिजवायची, दळायची, तीळ-जिरं-लसूण घालून शिजवायची आणि ते गरम पीठ ओल्या धोतरावर पापडासारखं पातळ थापून उन्हात वाळवायचं. हात भाजतात. थापून झालं की मागे उरतात ते कावळे. त्यांची जबाबदारी बाबांची. काळी छत्री उघडायची, काठी मांडीवर घ्यायची आणि बसायचं. माझं काम संपलं की मीही त्यांच्या छत्रीत जाऊन बसत असे. ते मला पेपर वाचून दाखवायचे, मधेच काठी आपटायचे, कावळ्याला मास्तरांच्या आवाजात 'चल, बाहेर हो' म्हणायचे. छत्री दोघांना पुरायची नाही, म्हणून ते स्वतःचा एक खांदा उन्हात ठेवायचे. माझे वडील मी लहान असतानाच गेले. या घरात नवरा आहे, दीर आहे, सगळे आहेत, पण माझं म्हणावं असं माणूस मला त्या छत्रीत मिळालं होतं. ते सांगायला मला कधी सुचलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

सोलर आलं आणि बाबा वरच्यांचे झाले.

झालं ते त्या मीटरमुळे. वरच्यांचं जुनं मीटर काढून नवीन नेट मीटर लावलं. आपण किती वीज घेतली तेही ते दाखवतं आणि प्लेटांनी केलेली जास्तीची वीज लाइनवर किती परत दिली तेही. गणिताच्या मास्तरांना याहून काय पाहिजे? आणि ते मीटर लावलं कुठे, तर खाली, बरोब्बर माझ्या दाराशेजारी. संध्याकाळ झाली की बाबा चष्मा पुसून त्याच्यापुढे उभे. माझ्या दारात, माझ्याकडे पाठ करून.

"बेटा, आज आपन जास्ती दिली आन् कमी घेतली!" असं ते मला सांगायचे.

'आपन' म्हणे. मी आत पंखा बंद करून भाजी चिरत असे, कारण आमचं बिल होतं तसंच होतं.

सकाळी ते ओलं फडकं घेऊन वर जायचे. आमच्या भागात मागांच्या कापसाचं बारीक भुसकट उडत असतं, ते प्लेटांवर बसतं. ते पुसलं नाही तर वीज कमी होते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी चहा ठेवायची आणि तो गार व्हायचा. दोनदा गरम करून झाला की मी तो पिऊन टाकायची. नवरा म्हणाला, "प्लेटांवर काहून जळून राहिली तू?" मी म्हटलं, मी कुठे जळते, चहा जळतोय. पण जळत होते. वर कुलर सुरू झाल्याचा आवाज आला तरी जळत होते. जाऊ जिन्यावरून उतरताना गुणगुणत असे, त्यावरही जळत होते.

मग एका दुपारी लाइट गेली. माग थांबले, आमचा पंखा थांबला. मी कान वर लावून बसले, की आता वरचा कुलर चालू राहील आणि मला तो ऐकत बसावं लागेल. पण कुलर गप्प झाला. डोक्यावर कडकडीत ऊन, गच्चीवर प्लेटा चमकतायत आणि वर जाऊ घामाघूम होऊन पदराने वारा घेतेय! मी मुद्दाम वर गेले. विचारायला म्हणून.

"ताई, असं कसं झालं ओ? ऊन तर आहे ना," ती रडवेली होऊन म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी तिला खालून माठातलं पाणी आणून दिलं.

बाबा मात्र सोलरची बाजू घेऊन उभे राहिले. "लाइट गेली म्हंजे लाइनवर मानूस चढलेला असतो बेटा. खांबावर. आपली वीज उलटी त्याच्याकडे गेली तर तो मरंल ना? म्हनून ते आपोआप बंद होतं. बॅटरी घेतली असती तर आपल्यापुरती चालली असती. बॅटरी आपन घेतली नाही."

"मतलब लाइट असंल तेव्हाच लाइट देते ही मशीन," मी म्हटलं.

"ती दुसऱ्याचा जीव सांभाळून चालते," ते म्हणाले. इतक्या कौतुकाने ते माझ्या बिबड्यांबद्दलसुद्धा कधी बोलले नव्हते. मी माठाचं झाकण जरा जोरातच ठेवलं.

बिबड्यांचा हंगाम आला. मी पहिलं धोतर सावलीच्या बाजूला पसरलं, मला दुसरी जागाच दिसेना. त्या बाजूला ऊन येतं ते पाहुण्यासारखं, येतं आणि उठतं. बिबडे दोन दिवस ओलेच राहिले आणि त्यांना आंबूस वास आला. मी ते गोळा केले, जिन्यात उभी राहिले आणि वर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "खाली आम्हाला सोलरची वीज नव्हतीच. आता ऊन पन वरच्यांचं झालं."

बाबा दाराशी मीटर बघत होते. ते वळले, माझ्या हातातल्या आंबलेल्या बिबड्यांकडे बघितलं आणि आत जाऊन बसले. त्या संध्याकाळी त्यांनी मला किती दिली, किती घेतली ते सांगितलं नाही. मला वाटलं, रागावले. मनात म्हटलं, रागवा, तेवढं तरी माझ्याकडे बघाल.

पुढच्या आठवड्यात धूलकोटला नवऱ्याच्या मावसबहिणीकडे हळद होती. मी पहाटे उठून राहिलेलं पीठ शिजवलं, धोतरावर थापलं, सावलीच्या बाजूला पसरलं. आंबले तर आंबले. बाबांना काही सांगितलं नाही, राखायलाही नाही. आम्ही दोघं गेलो.

हळदीत माझं लक्ष नव्हतं. ऊन उतरायच्या आत परत आलो तर गच्चीवरून दिराचा आवाज येत होता. दुकानात बसल्या बसल्या त्याला मोबाइलवर सोलर दिसतं. दुपारी बघतो तर वीज एकदम कमी झालेली. आभाळ स्वच्छ, लाइट सुरू, मग वीज कुठे गेली? त्याने कंपनीला फोन केला, कंपनीवाल्याने विचारलं, प्लेटांवर सावली वगैरे आहे का, एका प्लेटवर पडली तरी सगळी ओळ मंदावते. म्हणून तो दुकान सोडून बघायला आला होता.

मी जिना चढून वर गेले. जाऊ आधीच तिथे येऊन उभी होती.

प्लेटांवर बिबडे होते. माझे बिबडे. खालच्या ओळीत, हात पोचेल तिथपर्यंत, प्रत्येक काचेवर, वर्गातल्या पोरांसारखे ओळीत बसवलेले. धोतराला मागून पाण्याचा हात फिरवून एकेक बिबडा अलगद सोडवायचा असतो, ते बाबांनी इतकी वर्षं शेजारी बसून बघितलं होतं. तसेच सोडवून त्यांनी ते तापलेल्या काचेवर लावले होते. आणि प्लेटांपुढे काळी छत्री उघडून, काठी मांडीवर घेऊन ते बसले होते. त्यांचं तोंड उन्हाने लाल झालं होतं.

"बाबा, रोज तुम्हीच पुसता ना या प्लेटा?" दीर कळवळून म्हणत होता. "मग हे काय करून ठेवलं? पापड वाळवायची जागा आहे का ही?"

बाबांनी मला बघितलं आणि काठी बाजूला ठेवली. वर्गात उभं केलेल्या मुलासारखे ते उभे राहिले. त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं.

"मला मालूम आहे वीज कमी होते," ते दिराला म्हणाले. "आपन लाइनला देतो ते मीटरात जमा होतं ना? बराबर मांडलेलं असतं सगळं. मग हिचं ऊन आपन घेतलं, ते कुठं मांडलंय? मी रोज बघतो. त्या मीटरात नाही ते."

दिराने मोबाइल खिशात टाकला. माझ्या अंगावर हळदीची साडी होती, मी तिच्या पदराने डोळे पुसले आणि पदरावरची हळद डोळ्यांत गेली. झोंबली. मला आनंद झाला होता, आणि त्यात जावेसमोर झाला म्हणून जास्त झाला, हेही सांगून टाकते.

बिबडे काढायला घेतले. असे कडक वाळले होते की हातात खुळखुळत होते. ऐन उन्हाचे बिबडे, पांढरेशुभ्र. काचेवर त्यांचे गोल डाग राहिले. ते पुसायला बाबा फडकं शोधत होते, तर जावेने फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि ती स्वतः पुसायला बसली. प्लेटा तिच्या, नुकसान तिचं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, मग मीही बोलेन.

ती डागांकडे बघत नव्हती. ती छत्रीकडे बघत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे रोज येता, पन मीटर बघता, प्लेटा पुसता. माझ्यासाठी असं उन्हात कधी बसले नाही तुम्ही."

बाबा कसनुसं हसले. मला मात्र तिची ती नजर ओळखू आली. ती नजर घेऊन मी गेले कित्येक दिवस माझ्या दारात उभी होते, त्यांच्या पाठीकडे बघत. इतकी उंच, इतकी गोरी बाई, आणि वर तिच्याकडेही माणूस नव्हतं, नुसती वीज होती.

मी ओंजळभर बिबडे तिच्या पदरात घातले. चांगले निवडून घातले.

खाली उतरताना ती जिन्यात माझ्या मागे थांबली. "ताई, पुढच्या टायमाला मला पन शिकवा ना. मी येते थापायला. प्लेटांपुढच्या चिंचोळ्या पट्टीत ऊन येतं सकाळचं, तिथं वाळतील आपले."

"ये की," मी म्हटलं. "हात भाजतात, सांगून ठेवते."

"भाजू द्या," ती म्हणाली आणि गुणगुणत वर गेली.

मी बिबड्यांचा डबा फळीवर ठेवला. बाबा दाराशी मीटरपुढे उभे होते, आज किती कमी पडली ते बघत. मी चहा टाकला आणि मनात आलं, शिकवीन हिला, थापणं शिकवीन, सोडवणंही शिकवीन. पण काम झाल्यावर ती कुठे बसेल? घरात छत्री एकच आहे आणि तिच्यात जागा किती असते, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.