दर्यापूर रस्त्यावरचा आडोसा

अकोला–दर्यापूर रस्त्यावरची ती सायकल शर्यत निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. महिना एप्रिलचा. वऱ्हाडातला एप्रिल ज्याने पाहिला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. अशा दिवसांत शर्यत ठेवणाऱ्यांना मी दोन शब्द सुनावलेही होते, पण उद्घाटनाला पुढारी यायचे होते, मग ठाणेदाराला कोण विचारतो? बंदोबस्त लावला आणि मुकाट्याने कामाला लागलो.

मुलींच्या गटात सगळ्यांच्या नजरा एका एकोणीस वर्षांच्या मुलीवर होत्या. तिचे वडील अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकत. मागच्या वर्षी ती विभागात पहिली आली होती. यंदाही आली असती तर पुढची निवड आणि खेळाडू कोट्यातून नोकरी, अशी वाट मोकळी होणार होती. अर्धा रस्ता पार झाल्यावर ती सायकलसकट डांबरावर कोसळली. ऊन लागले, असे सगळेच म्हणाले आणि तिला अकोल्याच्या रुग्णालयात हलवण्यात आले.

दुपारी बंदोबस्तावरून परतलेली महिला कॉन्स्टेबल हजेरी देऊनही माझ्या टेबलासमोरून हलेना. काय आहे, म्हणून विचारले.

"साहेब, सांगू का नको असं होऊन राहिलं. त्या पोरीले ऊन लागलं म्हणतात, पण मले पटत नाही. माह्या पॉइंटवर ती सायकलवरून उतरली, लघवीले जायचं म्हणे. रानात आता आडोसा कुठचा, सारं वखरून पडलेलं. म्या तोंडाले बांधलेला दुपट्टा सोडला अन् आडवा धरला. मंग मी जीपमधून समोरच्या पॉइंटवर गेली, तं तिथंही तेच. या उन्हात माणूस घडाभर पाणी पेते तरी लघवीले जात नाही, साहेब. माह्यं सकायपासून नाही झालं."

तिचे म्हणणे खरे होते. उन्हातल्या बंदोबस्ताला पोटात गेलेले सगळे पाणी घामावाटे निघून जाते, हे प्रत्येक पोलिसाला ठाऊक असते. त्यात पहिल्या नंबरासाठी धावणारी मुलगी हातची जागा घालवून दोनदा उतरते, म्हणजे तिचा नाइलाज असला पाहिजे. मी तडक रुग्णालयात गेलो.

तिथे डॉक्टरांच्याही कपाळाला आठ्या होत्या. ते म्हणाले, "उन्हाने पडलेल्या पेशंटला लघवी कमी होते. हिची लघवीची पिशवी मात्र भरतच चालली आहे. पोटॅशियम घसरलंय, हृदयाचे ठोके बिघडलेत. पोटात कसलं तरी औषध गेलंय. कोणतं आणि कधीपासून, हे कळलं तर नेमका इलाज करता येईल. नाहीतर मी अंधारात चाचपडतोय, आणि हिच्याकडे फार वेळ नाही."

मुलगी शुद्धीत नव्हती. आता हे सांगू शकणारा एकच माणूस होता, तिचा कोच. त्याला ठाण्यात आणले.

हा कोच म्हणजे शाळेतला पीटी मास्तर. अमरावती-अकोल्यात त्याला मान होता. पहाटे स्वतः मोटारसायकलवर मुलांमागे फिरायचा. पंच-साक्षीदारांसमोर त्याची बॅग तपासली, तर ग्लुकोज, पट्ट्या आणि साखळीचे तेल निघाले. सकाळी काय दिले, तर ग्लुकोज. आणखी काय, तर लिंबू. मी समजावले, दरडावले, पण सगळे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो वैतागून म्हणाला, "साहेब, तुमाले खेळातलं समजत नाही. एकदा नाव खराब झालं का पोरीची जिनगानी गेली."

त्या वाक्याने माझी खात्री पटली. ज्याने काही केलेले नसते तो 'मी दिले नाही' एवढेच म्हणतो. परिणामांची काळजी करतो तो करून बसलेला असतो. आता हा तोंड उघडेपर्यंत इथून उठायचे नाही, असे मी ठरवले. हवालदाराने डोळ्यांनीच विचारले, मी मान हलवून नको म्हटले. मार खाल्लेला माणूस काहीही कबूल करतो, आणि इथे डॉक्टरांना चुकीचे नाव जाऊन चालणार नव्हते.

तेवढ्यात मुलीचे वडील हातात डबा घेऊन दारात आले. त्यांना बाहेरच थांबवायला हवे होते, पण मी येऊ दिले.

"साहेब, सरले काहून बसवून ठेवलं जी? पोट्टीले पयली सायकल यायनंच घेऊन देल्ली," ते म्हणाले. मग कोचसमोर डबा उघडून त्यांनी भाकर मोडली आणि तुकडा त्याच्या हातात दिला. "सर, सकायपासून तुमच्या पोटात काई नसन. जेवा आधी. डॉक्टर मले इचारते, काय खाल्लं तिनं. म्या सांगतलं, सर देतील तेच खाते. घरचं बी तुमाले इचारूनच खाते ना ते."

कोचचा हात तोंडापर्यंत गेला आणि थांबला. त्याने तुकडा डब्यात परत ठेवला. "भाऊ, म्याच देल्लं," तो म्हणाला. वडिलांना काही उमजेना. मी डॉक्टरांना फोन लावला आणि कोचच्या पुढे धरला. "आधी त्यांना सांगा. नाव, किती, कधीपासून. माझ्याशी मग बोला."

त्याने सगळे सांगितले. शर्यतीत दम टिकावा म्हणून तो मुलीला रक्त वाढवणारी इंजेक्शने देत होता, तिला ती व्हिटॅमिनची वाटत होती. शर्यतीनंतर लघवीचे नमुने घ्यायला पथक येणार, असे कानावर आले. लघवी पातळ होऊन इंजेक्शनाचा माग लागू नये म्हणून त्याने आदल्या दिवसापासून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या ग्लुकोजमधून सुरू केल्या. हिवाळी शर्यतीत हे खपून गेले होते. चोर पायाचे ठसे फांदीने पुसतो तसा हा प्रकार, फक्त फांदी त्या मुलीच्या अंगावर चालली होती.

वडिलांनी डब्याचे झाकण लावले आणि कोचकडे न बघता निघून गेले. मला त्या बापाकडे बघवले नाही.

उत्तेजक घेणे हा आपल्या दंडविधानात गुन्हा नाही, ते क्रीडा संघटनांनी बघायचे. पण मुलीला न सांगता अपायकारक औषध देणे हा गुन्हा आहे, आणि तो मी दाखल केला. माल अमरावतीच्या एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आला होता. औषध निरीक्षकांना सोबत घेऊन तिथेही धाड टाकली. मी तुझ्या भल्यासाठीच करतो म्हणणारी माणसे पुढेही पुष्कळ भेटली. त्यांना मी एकच विचारत आलो, ज्याचे भले करताय त्याला विचारले होते का?

मुलगी वाचली. जबाब घ्यायला गेलो तेव्हा ती खाटेवर बसली होती. आपल्याला शर्यतींत उतरायला बंदी येणार, हे तिला कळले होते, पण त्याबद्दल ती बोलली नाही. सही करता करता थांबली आणि म्हणाली, "साहेब, मागच्या साली मी पयली आली, ते माह्या पायानं का त्या सुईनं?"

इंजेक्शने कधी सुरू केली, याबद्दल कोच दर वेळी वेगळे सांगत होता. मी म्हणालो, "बेटा, मला माहीत नाही." तिने मान हलवली आणि सही केली.

नोकरीत मी चोरीचा माल कितीदा तरी मालकासमोर मांडला, आणि मालकाने आपली वस्तू लगेच ओळखली. या मुलीला मात्र तिचा स्वतःचा विजय ओळखता येत नव्हता, आणि तो शोधून देणे माझ्या हातात नव्हते.