तात्यांचं घड्याळ माझ्या हातात

आमच्या घराला दार नाही.

शिंगणापुरातल्या जुन्या घरांना ते नसतंच. चौकट असते, चौकटीला पडदा असतो आणि कुत्रं शिरू नये म्हणून झोपताना एक फळी टेकवून ठेवायची, झालं. राखण शनिदेव करतात. चोराला ते आत येऊ देत नाहीत, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या मानत आलो. पण म्हाताऱ्याला बाहेर जाऊ देऊ नका, असं त्यांना कुणी कधी सांगून ठेवलेलं नव्हतं. आणि आमची सगळी पंचाईत तिथेच झाली.

म्हातारा म्हणजे आमचे हे. गाव त्यांना तात्या म्हणतं. जन्मभर त्यांनी घोडेगाव फाटा ते शिंगणापूर अशी काळीपिवळी जीप चालवली. आता ते विसरतात. आधी चष्मा विसरले, मग चहा झालाय हे विसरायला लागले, मग माझं नाव. (माझं नाव त्यांनी लग्नापासून कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे ते नेमकं कधी विसरले हे मला नगरच्या डॉक्टरांना सांगता आलं नाही.) डॉक्टर म्हणाले, हा डिमेन्शिया. वाढत जाणार. जपा.

जपायचं म्हणजे काय, तर ते उठून चालायला लागतात. एकदा वांबोरीच्या रस्त्याला सापडले, एकदा साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांना रांगेत उभे करताना. दुसऱ्या वेळी आमचा सुनील पुण्याहून आला. एकुलता एक, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

"आई, आता एकदा जरी तात्या हरवले ना, तरी मी ऐकणार नाही. पुण्याबाहेर एक सेंटर बघून ठेवलंय. चांगलंय. गार्डन आहे."

"गार्डन काय करायचंय? त्यांना जीप लागते."

"आई, प्लीज."

प्लीज म्हटलं की आमच्या घरातली चर्चा संपते. मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी या माणसाला परत हरवू द्यायचं नाही. नाव नसेल येत माझं, पण सकाळी उठल्यावर चहा मागायला त्यांना मीच लागते. गार्डनमध्ये ते कुणाला हाक मारतील?

आठवड्याभरात पुण्याहून खोका आला. सुनील म्हणाला, आता सगळं डिजिटल. तात्यांची काळजी खास तात्यांच्या मापाची. त्यात पहिला निघाला दाराचा अलार्म. तो लावायला सुनील व्हिडिओवर आला.

"एक तुकडा चौकटीला चिकटव. चिकटवलास? आता दुसरा दाराला."

"कुठल्या दाराला?"

"अगं, पुढच्या."

मी फोन फिरवून त्याला चौकट दाखवली. पडदा हलत होता. घराला दारच नाही, हे सुनील विसरला होता. याच चौकटीत बसून तो पाढे म्हणायचा, याच चौकटीत एकदा डोकं आपटून टाके पडले होते. पण पुण्यात फ्लॅटला लोखंडी दार, त्याच्या आत लाकडी दार, असं राहिलं की माणसाचं होतं असं.

समोरची हिराबाई धुणं वाळत घालता घालता सगळं ऐकत होती. म्हणाली, "वैनी, डागदराकडं निस्तं तात्यांनाच न्हेलं व्हतं का? आनखी एकाला न्यायचं राह्यलं वाटतं."

दुसरा तुकडा मी सेफ्टीपिनने पडद्याला टाचला. वारा आला की अलार्म, मांजर आलं की अलार्म, हिराबाई साखर मागायला आली की अलार्म. आणि इकडे वाजला की तिकडे पुण्यात सुनीलच्या फोनवरही वाजायचा, म्हणे अगदी साहेबासमोर. दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं, "आई, तो काढून ठेव."

मग घड्याळ. ते मनगटात बांधलं की तात्या कुठे आहेत, किती चालले, किती झोपले, छातीचे ठोके किती, सगळं सुनीलला फोनवर दिसणार. गावाच्या कडेने त्याने नकाशावर एक हद्द आखली होती. घड्याळ हद्दीबाहेर गेलं की पुण्यात बोंब. पण तात्यांना रबराच्या पट्ट्याची खाज यायची. "ही बेडी कुनाची?" म्हणायचे आणि काढून मिळेल तिथे ठेवायचे. एक दिवस त्यांनी ते देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या गळ्यात घातलं. पाचव्या मिनिटाला सुनीलचा फोन, आवाज पार घाबरलेला.

"आई, तात्यांचे ठोके लागत नाहीयेत."

"तात्या शेंगा खातायत."

"मग घड्याळ कुठंय?"

आता काय सांगू? घड्याळ टिकत नाही म्हटलं, की पुढचा शब्द गार्डन. मी म्हटलं, सैल झालं होतं, बसवते घट्ट. आणि बसवलं. माझ्या मनगटावर.

तेव्हापासून तात्यांची तब्येत झपाट्याने सुधारली. तात्या पहाटे उठायला लागले. दिवसभर घरात चालायला लागले. भाकऱ्या थापताना हात हलतो, घड्याळ तेही चालणंच धरायचं, त्यामुळे एका वेळच्या भाकरीत तात्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचे. सुनील खूश. पुण्याच्या कुणा मोठ्या डॉक्टरला त्याने ते आकडे पाठवले, तेही खूश. "आई, बघ, माणसागणिक वेगळी काळजी घेतली की असा फरक पडतो," सुनील म्हणाला. मी "हो ना" म्हटलं आणि तात्यांच्या नावावर अंगण झाडून घेतलं.

खोक्यातली शेवटची वस्तू म्हणजे बोलका डबा. डालड्याच्या डब्याएवढा असेल. त्यात सुनीलने स्वतःचा आवाज भरला होता. आपल्या माणसाचा आवाज असला की पेशंट ऐकतो, असं त्यामागचं शास्त्र. ते शास्त्र खरंच निघालं, हेच वाईट झालं.

डबा वेळेवर बोलायचा, "तात्या, निळी गोळी घ्या." तात्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"सुन्या! कवा आलास रं?"

"छान. आता पाणी प्या."

"पितो की. गाडी कुठं लावली?"

"छान."

तात्या मला म्हणाले, "पोरगं दमलंय, बोलंना. त्याला मासवड्या कर." मी केल्या. नाही कशाला म्हणू? खरा सुनील दिवाळीला येतो, तोही फोनमध्ये मान घालून बसतो. हा निदान वेळच्या वेळी चौकशी करत होता. खोटं कशाला बोलू, आठ दिवसांत मलाही सवय झाली. "तात्या, जेवण झालं का?" ऐकू आलं की मी आतूनच ओरडायचे, "वाढतेच आहे."

पण जेवणाची गोष्ट अशी की बाप मुलाला सोडून जेवेना. ताट समोर घेऊन थांबायचे. डबा विचारायचा, "तात्या, जेवण झालं का?" तात्या म्हणायचे, "तुझ्यासाठी थांबलोय." डबा म्हणायचा, "छान." आणि तात्या उपाशी.

त्या शनिवारी मी टेकीला आले. भाकरी गार होत चाललेली, तात्या हलायला तयार नाहीत. मी म्हटलं, "अहो, सुनीलची गाडी फाट्यावर पंक्चर झालीय. तो येईल मागून. तुम्ही खाऊन घ्या."

आयुष्यभर फाट्यावर गाड्यांची पंक्चरं काढलेल्या माणसाला मी हे सांगितलं. मी ताक आणायला आत गेले, बाहेर आले तर ताट जागेवर आणि तात्या गायब. पडदा हलत होता.

शनिवारची गर्दी. तेलाच्या दुकानांपुढे गाड्यांना गाड्या चिकटलेल्या. मी हिराबाईला नुसती खूण केली आणि घोडेगावच्या रस्त्याला लागले. उन्हात, अनवाणीच निघाले होते, मग परत येऊन चपला घातल्या. कमानीच्या पुढे गेले नसेन तोच पदरात बांधलेला फोन वाजला.

"आई, तात्या हद्दीबाहेर गेलेत. तू कुठंयस?"

मनगटाकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. हद्दीबाहेर मी गेले होते.

"मी... त्यांच्या मागंच आहे."

"दिसतायत का?"

मी खाली बघितलं. चपला दिसत होत्या. "दिसतायत."

"मग हाक मार ना."

भर रस्त्यात मी "अहो" अशी हाक मारली. तेलाची बाटली घेऊन चाललेला एक भाविक वळून बघायला लागला. "ओ देत नाहीत रे."

"मग पळ!"

मी पळाले.

"अगं आई, ते पण पळायला लागले!"

मी थांबले.

"थांबले! थांबले! आता गाठ त्यांना!"

अहो, कसं गाठायचं? मी एक पाऊल टाकलं की ते एक पाऊल टाकत होते. इतकी वर्षं संसार केला, पण इतकं बरोबरीने आम्ही कधी चाललो नव्हतो.

"आई, त्यांचे ठोके एकशेचाळीसवर गेलेत. त्यांना सावलीत बसव."

मी लिंबाखाली बसले. "बसवलं," म्हटलं.

"मी निघतोय पुण्याहून. आणि आता सेंटरचं फायनल," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी लिंबाखाली तशीच बसले. नवरा कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, आणि जगातली सगळी यंत्रं सांगत होती की तो माझ्याच जागेवर बसलाय.

फाट्यावर रसवंतीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "तात्या? गेले की मघाशीच गावाकडं, नाशिकच्या पार्टीच्या गाडीत पुढं बसून. म्हनले, चला, रस्ता मी दावतो."

मी काळीपिवळीने परत आले. तात्या ओट्यावर बसून चहा पीत होते, आणि ओट्यापुढे निम्मी गल्ली जमलेली.

"आवं वैनी, कुठं हरवला व्हता?" हिराबाई म्हणाली. "तात्या कवाचे घरी आलेत. तुमाला हुडकाया मानसं धाडलीत."

"सुनील भेटला का फाट्यावर?" मी तात्यांना विचारलं.

"तो कशाला फाट्यावर जाईल? घरात हाय की," तात्या म्हणाले. "त्या नाशिकवाल्याला गियर टाकता येत न्हाई. लई वंगाळ गाडी चालवतो."

दिवेलागणीला खरा सुनील आला. आला तो थेट तात्यांच्या पाया पडला. तात्यांनी त्याला नीट न्याहाळलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाव्हण्यांना पानी दे." आणि आत तोंड करून हाक मारली, "सुन्या, बाहेर ये. पाव्हणे आलेत."

सुनील पाण्याचा तांब्या हातात धरून उभा राहिला. मग त्याचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. मी हात पदराखाली घेतला. त्याने आत जाऊन डब्याची पिन काढली.

पण जेवणाची वेळ झाली आणि डबा बोलेना. तात्या ताटावर बसून होते. "रुसला वाटतं," म्हणाले. "सकाळी मी त्याच्यासाठी थांबलो न्हाई म्हनून." सुनील शेजारी बसून म्हणाला, "तात्या, मी इथं आहे. जेवा." तात्या त्याला हात जोडून म्हणाले, "तुमी घ्या, पाव्हणं. पोरगं आल्याबिगर मी जेवत न्हाई."

माझा एवढा शिकलेला मुलगा उठला, आत गेला, डब्याच्या शेजारी फरशीवर बसला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तात्या, जेवण झालं का?"

"तू जेवलास का?"

याचं उत्तर डब्यात भरलेलं नव्हतं. सुनीलने डबा जवळ ओढला. मग म्हणाला, "हो तात्या. जेवलो."

तेव्हा कुठे तात्यांनी घास घेतला. पोटभर जेवले.

सकाळी सुनील म्हणाला, "सेंटरचं राहू दे." मी देवापुढे साखर ठेवायला वळले, तर पुढे म्हणाला, "पण आई, तात्यांना पुन्हा दाखवू तेव्हा तुझंही तपासून घेऊ. तूही काय काय करतेस ते दिसलं मला."

म्हणून आम्ही तिघे नगरला गेलो. आधी तात्यांची तपासणी झाली. वार, महिना, गाव, सगळं चुकलं. घरात कोण कोण असतं विचारलं, तर म्हणाले, "आमी दोघं आन् सुन्या." मग माझी. वार सांगितला, तिथी सांगितली, शंभरातून सात सात वजा करून दाखवले, पाच वस्तूंची नावं उलटीकडून म्हटली. डॉक्टर खूश झाले. सहज विचारावं तसं म्हणाले, "आजी, घरात कोण कोण असता?"

"हे, मी आणि सुनील," मी म्हटलं.

सुनील शेजारच्याच खुर्चीत होता. खाली बघत म्हणाला, "डॉक्टर, मी पुण्यात असतो."

तात्यांचं आणि माझं जुळलेलं उत्तर तेवढं एकच निघालं, आणि दोघांचंही चुकलं.