खो मिळेपर्यंत

पारासारखं बसता येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आता बसण्यात ते काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. आमच्या ऑफिसात बसण्यात निष्णात माणसांची काही वानवा नव्हती. पण ती खुर्चीत सांडलेली असायची. पारा बसायचा तो पाठ ताठ, मान किंचित वळलेली, टाचा जमिनीपासून केसभर सुटलेल्या. बघणाऱ्याला वाटावं, हा आता उठला. आणि तो उठायचा नाही.

पारा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. इगतपुरीकडच्या भातशेतीवाल्या घरातला हा मुलगा आमच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागला तो खो-खोच्या जोरावर. कागदोपत्री मदतनीस, पण खरं काम एकच, केंद्राच्या संघातून खेळायचं. पाठलाग करणाऱ्याची बोटं बनियनला लागणार इतक्यात तो कमरेतून असा निसटायचा, की वसाहतीच्या मैदानाभोवती उभी असलेली माणसं तोंडात बोटं घालायची. म्हणून पारा. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी संध्याकाळी भाजीची पिशवी हातात घेऊन मीही तिथे थांबायचे आणि घरी गेल्यावर उशीर का झाला याची खोटी कारणं सांगायचे.

एका सामन्यात खांबावर सूर मारताना त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी मैदान बंद केलं आणि तिशीतला पारा माझ्यासमोरच्या आवक-जावकच्या टेबलावर येऊन बसला. पत्रांवर शिक्के मारायचा, दुपारी डबा खायचा, पुन्हा शिक्के मारायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, पक्की नोकरी आहे, सावलीतलं काम आहे, तोंड का पाडून बसतोस?" तो शिक्का हातात धरून म्हणाला, "सगळं हाय ताई. पण कुणी बघत नाय हो आता. माणसं बघाया लागली ना, की माझं अंग जागं होतं. आता ते झोपलंय. लय भ्या वाटतं, उठंल का नाय पुन्हा."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या वसाहतीचं एक हौशी नाट्यमंडळ होतं आणि मी त्याची कायमची प्रॉम्प्टर. सगळ्यांची सगळी वाक्यं मला पाठ, पण विंगेतून चार पावलं पुढे टाकायची म्हटली की माझी पाचावर धारण बसायची. पाहुण्यांना गुच्छ द्यायलासुद्धा मी दुसऱ्या कुणाला तरी ढकलायचे. त्या वर्षी स्पर्धेच्या नाटकात एका म्हाताऱ्या बापाची भूमिका होती. वाक्यं थोडी, बसणं फार. कुणी घ्यायला तयार नव्हतं. मी पाराचं नाव सुचवलं तेव्हा आमचे दिग्दर्शक कुलकर्णीसाहेब असे हसले, की त्यांचा चहा सांडला.

पाराने संहिता घेतली आणि तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. पाहते तर स्वतःच्या एकाही वाक्याखाली रेघ नाही! त्याच्या आधी जो बोलणार, त्याच्या शेवटच्या शब्दाखाली तेवढी रेघ. "हा माझा खो," म्हणाला. मग त्याने मला टेबलावरचे शिक्के मांडून खेळ समजावला. बसणाऱ्याने मागून पाठीवर हात पडून खो ऐकू येईपर्यंत हलायचं नाही, आधी उठला तर फाऊल. खो मिळाला की उठायचं, पळायचं, मागे फिरायचं नाही. आणि ज्याने खो दिला, त्याने उठलेल्याच्या जागी जाऊन बसायचं. तालमीत कुणी वाक्याचा शेवट गिळला की पारा सरळ थांबायचा. "असा पुचाट खो दिला तर पंच धरतंय, साहेब. नीट द्या." मोठमोठे इंजिनिअर मुकाट्याने वाक्य पुन्हा म्हणायचे.

नाशिकच्या नाट्यगृहात प्रयोग झाला. शेवटच्या प्रवेशात बाप ट्रंकेवर पाठमोरा बसलेला. घर सोडून गेलेला मुलगा दारात येतो, "बाबा, मी आलोय" म्हणतो, आणि बाप उठून वळतो. मुलाचं काम करणारा देशमुख दारात आला आणि गारठला. शब्दच फुटेना. मी विंगेतून वाक्य दिलं. दुसऱ्यांदा दिलं. देशमुख नुसताच घामाघूम होऊन उभा. शेवटी मी पारालाच त्याचं पुढचं वाक्य दिलं. म्हटलं, हा तरी उठेल, प्रयोग निभावून जाईल. पारा हलला नाही. माझा जीव टांगणीला लागला. संपलं सगळं, असं वाटून मी संहिता मिटली, आणि मग पाहिलं, की अख्खं नाट्यगृह त्या पाठीकडे बघत होतं. कुणी खोकत नव्हतं. त्या पाठीत सगळं होतं. मुलगा आलाय हे तिला कळलंय, तिला उठायचंय, आणि हाक आल्याशिवाय ती उठणार नाही. किती वेळ गेला कोण जाणे. काय करावं न सुचून देशमुख पुढे आला आणि त्याने पाराच्या पाठीवर हात ठेवला. हे तालमीत कधीच नव्हतं. हात ठेवल्याबरोबर त्याला शब्द सापडला. "बाबा," इतकंच म्हणाला. आणि पारा उठला. तसं उठणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी विंगेत घळाघळा रडत होते.

अभिनयाचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं. मी मात्र रागावले होते. "मी वाक्य दिलं होतं, ऐकू नाही आलं?"

"आलं की. पण ताई, खो तुम्ही कसा देणार? तुम्ही लाइनीच्या बाहेर. आतल्याचाच खो चालतो." तो अगदी साधेपणाने बोलला होता. मला मात्र ते लागलं, आणि खरं होतं म्हणून जास्त लागलं.

परीक्षकांपैकी एकाने त्याला मुंबईला मालिकेत बोलावलं. काम लहान होतं, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागणार होती. वसाहतीतल्या प्रत्येकाने त्याला वेड्यात काढलं. त्याने मला विचारलं तेव्हा मीही म्हटलं, "सोडू नकोस. लेकरं आहेत पदरात." तो कितीतरी वेळ त्याच्या पद्धतीने बसून राहिला. मग म्हणाला, "ताई, पाठीवर हात पडलाय. आता नाय उठलो तर आपलाच फाऊल." त्याची बायको त्याहून धीट. मला म्हणाली, "दोन वर्षं यांना नुसतं बसलेलं बघितलंय मी. आता जाऊ द्या." राजीनाम्याच्या पत्रावर आवकचा शिक्का त्याने स्वतःच मारला.

मुंबईत त्याची वर्षं वाट बघण्यात गेली. सेटवर बाकीचे ताटकळून चिडायचे, हा आपला ताठ बसलेला. दोन-दोन मिनिटांची कामं करत करत एका मालिकेतला बाप त्याला मिळाला आणि मग घराघरांतल्या बायका त्याच्यासाठी पोळ्या तव्यावर ठेवून टीव्हीपुढे येऊ लागल्या. दर महिन्याला त्याचा फोन यायचा. बोलणं कसं झालं, हे त्याने कधी विचारलं नाही. प्रश्न एकच, "ताई, उठलो कसा?" मी म्हणायचे, "झकास." खरं तर दरवेळी माझ्या अंगावर काटा यायचा, पण ते फोनवर सांगता येत नसे.

मी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने निरोप समारंभ ठेवला. शूटिंग टाकून पारा आला. त्याला बघायला शेजारच्या खात्यातली माणसंही दाटीवाटीने उभी राहिली. भाषणं झाली, शाल झाली, आणि कुलकर्णीसाहेब म्हणाले, "आता ताई दोन शब्द बोलतील." मी खुर्चीला खिळले. दुसऱ्यांची हजारो वाक्यं पाठ असलेल्या बाईला स्वतःचं एक सापडेना. सगळे बघत होते. मी मान हलवून नाही म्हणणार, एवढ्यात मागून पाठीवर तळवा पडला आणि त्या हॉलमध्ये मैदानातल्यासारखा खणखणीत आवाज उठला.

"खो!"

मी उठले. मागे न फिरता माइकपर्यंत गेले. काय बोलले, ते आज आठवत नाही. बोलता बोलता एकदा वळून पाहिलं. सगळ्या महाराष्ट्राने ओळखावा असा तो नट माझ्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला होता. पाठ ताठ, टाचा केसभर वर, आणि नजर माझ्याकडे.