बाळ्या अवेळी साडी घेऊन आला

चहा घ्या, बिस्किट घ्या, पण मध्ये बोलू नका. मध्ये बोलल्यानं काय होतं, तेच तर सांगायचंय! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पण तो धोंडा आणायला कुणी रिक्षा करून गेलंय का? मी गेले. वर रिक्षाचं भाडंही मीच दिलं!

तेव्हा आम्ही राजारामपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे शाळेत चित्रकलेचे मास्तर. घरमालक राहायला वर, पण त्याचे कान कायम खाली. भिंतीला खिळा लावला रे लावला की जिन्यावरून आवाज, "वहिनी, भिंत आमची हाय बरं का!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचं एक चित्र कधी भिंतीवर लागलं नाही. सगळी कॉटखाली.

आणि तिकडं मंगळवार पेठेत माझ्या वडिलांचं घर कुलूप लावून उभं. तीन खोल्या, पुढं कट्टा, मागं नळ. आई-वडील गेले तेव्हापासून घराला वारस दोघंच, मी आणि माझा धाकटा भाऊ बाळ्या. बाळ्या कागलच्या एमआयडीसीत नोकरीला, कागलातच त्यानं आणि त्याच्या बायकोनं, शोभानं, स्वतःचं घर बांधलेलं. त्या बंद घरावरून जाताना मी मान वळवून बघायचीच नाही. बघितलं की जीव अडकायचा. हवं होतं हो मला ते घर! पण भावाकडं मागायचं कसं? आपल्यात बहीण मागत नाही. बहीण सोडते.

म्हणजे हक्कसोडपत्र! वडिलांच्या घरातला आपला वाटा बहिणीनं सही करून भावाला सोडायचा, आणि भावानं तिला एक साडी घ्यायची. आमच्या गल्लीत तर ठोकताळाच होता. दिवाळी नाही, राखी नाही आणि भाऊ साडी घेऊन दारात उभा, म्हणजे सही न्यायला आला! शेजारच्या मालूवहिनींनी कोडोलीच्या माहेरच्या घरावरचा हक्क असाच एका साडीवर सोडलेला. त्या साडीचा रंग पहिल्याच धुण्याला गेला, हे त्या अजून सांगतात.

तर एका सकाळी, सण ना वार, बाळ्या दारात! हातात साडीचा बॉक्स, पेढ्यांचा पुडा आणि काखेत कागदांची पिशवी.

मालूवहिनी त्यांच्या दारातूनच ओरडल्या, "आला गं बाई तुझा भाऊ सही न्यायला!"

खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. पण पदरानं डोळे पुसले आणि ठरवलं, रडत द्यायचं नाही. द्यायचं तर असं द्यायचं की अख्ख्या कोल्हापूरनं म्हणावं, बहीण असावी तर अशी!

आता बाळ्याचं एक तुम्हाला सांगायला पाहिजे. त्याला एक वाक्य बोलायचं असलं, की आधी तो पाणी पिणार, मग पावसापाण्याचं काढणार, मग घसा खाकरणार. आणि मी ही अशी! श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही.

पाणी पिऊन झालं. बाळ्यानं घसा खाकरला.

"आक्का, म्या जरा घराचं बोलाय आलतो."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"समदं! पिशवीत काय हाय त्ये बी आन् तुझ्या पोटात काय हाय त्ये बी. लाजतोस कशाला? उठ, जाऊ या रजिस्टर कचेरीत!"

"आगं, पर आदी ऐक तर की..."

"काय ऐकायचं? माझा भाऊ हायस न्हवं तू? मग झालं!"

बाळ्याचा चेहरा एकदम खुलला. त्याला वाटलं, आक्काला कुणीतरी आधीच सांगितलंय. मला वाटलं, बघा, सही मिळणार म्हटल्यावर कसा खुलला गुलाम! मी त्यानं आणलेली साडी नेसले, त्याला रिक्षात घातलं, आणि जाताजाता मालूवहिनींना ओरडून सांगितलं, "चालले हो मी हक्क सोडायला! हसतहसत चालले!"

रिक्षाच्या फटफटीत हे बाळ्याला ऐकू आलं नाही. आलं असतं तर आज मी तुम्हाला काय सांगितलं असतं?

कचेरीच्या आवारात झाडाखाली दस्त लिहून देणारे टाइपरायटर घेऊन बसलेले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं चष्मा वर करून विचारलं, "हक्क कुणी सोडायचाय?"

"मी!" मी आणि बाळ्या एकदमच बोललो. पण माझा आवाज कुणाला हरणार? बाळ्याचा 'मी' माझ्याच 'मी'खाली गडप झाला.

"आक्का, अगं तू न्हाय, म्या..."

"तू गप! तू ल्हान हायस. आबा, लिहा. मी, थोरली बहीण, राजीखुशीनं सोडते. एक पै नको!"

असलं काही म्हटलं की माणसं गोळा होतातच. राधानगरीकडचे एक पावणं आपल्या तीन बहिणींना घेऊन सहीसाठी आलेले. बहिणी काही केल्या ऐकेनात. त्या पावण्यांनी मला बघितलं आणि हातच जोडले.

"बगा, बगा जरा ह्या बाईकडं! अशी भन नशिबात असावी लागती!"

मग काय, मला चेवच चढला! मी त्या तिघींना भाऊ म्हणजे काय यावर असं काही सुनावलं, की त्यातली एक रडायला लागली. बाळ्या मागून माझा पदर ओढतोय, "आक्का, आक्का," आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतेय, "रडू नगंस रं, माझ्या सोन्या!"

आत नुकतेच कॉम्प्युटर आले होते. अंगठा घ्यायचे, फोटो काढायचे. फोटोच्या क्षणीसुद्धा मी बोलतच होते, त्यामुळं तो निघाला आ वासलेला. साहेबांनी नियमाप्रमाणं विचारलं, "बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना?"

"दबाव? माझ्यावर?"

सगळ्या कचेरीनं माझ्याकडं बघितलं, मग बाळ्याकडं बघितलं, आणि सगळी कचेरी हसली. साहेबांनी बाळ्याला विचारलं, "तुम्हाला मान्य आहे?"

बाळ्यानं घसा खाकरला...

"मान्य हाय त्याला!" मी म्हटलं.

झाला दस्त! राधानगरीचे पावणं तर स्वतःहून साक्षीदार झाले.

बाहेर आल्यावर मी बाळ्याला ओढत मिसळ खायला नेलं. एवढं घर दिलं, मग मिसळ कशाला सोडा? मिसळ आली, वर हा एवढा लाल कट. मी बोलताबोलता पहिलाच घास घेतला आणि सणसणीत ठसका लागला! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून शब्द फुटेना.

जन्मात पहिल्यांदा बाळ्याला मोकळं मैदान मिळालं. त्यानं पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला आणि घसा न खाकरताच तो बोलला.

"आक्का, म्या माझा हक्क तुला सोडाय आलतो."

मी ग्लास तोंडाला लावलेला, तो तसाच राहिला.

"दाजींस्नी इचारूनच आलतो म्या. आमचं कागलात घर हाय, तुमी भाड्यानं ऱ्हातायसा. शोभाच म्हनली, आक्कांस्नी द्या. साडी तिनंच निवडली. तुला आदी सांगायचं न्हाय आसं आमचं ठरलंतं. आन् आता तू तर माझ्याच नावावर केलंस की गं समदं!"

"मग... आत... बोलला का न्हाईस?"

"कवा बोलू? तू चारचौघांत माझी आरती ओवाळत हुतीस. मधी बोललो आसतो तर तितंच हानलं आसतंस!"

ठसका थांबला, तशी मी मिसळ अर्धी टाकून उठले आणि रिक्षा केली.

घरी आले तर हे दारातच उभे. हातात लाकडी पाटी, तिच्यावर वेलबुट्टी, ओल्या रंगात माझं नाव. 'सौ. सुमन यांचे घर'. आणि वरच्या खिशात एक नवा कोरा खिळा.

"झालं का काम?" त्यांनी हसत विचारलं.

मी भोकाड पसरलं. ह्यांना वाटलं, आनंदानं रडतेय. त्यांनीही डोळे पुसले. खरं सांगायला बाळ्यालाच पुढं व्हावं लागलं, आणि त्यासाठी तो आधी दोन तांबे पाणी प्यायला.

आता सगळं घर कागदोपत्री बाळ्याचं. मला परत द्यायचं तर बक्षीसपत्र करायला हवं, आणि त्याला स्टॅम्पचा खर्च दणकून. पैसे जमवण्यात दोन-तीन महिने गेले. त्या दिवसांत माझ्या जिवाची काय तगमग झाली म्हणून सांगू! एखाद्याचं मन फिरायला काय लागतं? पण शोभाचा निरोप आला, "दिलं म्हनलं की दिलं. फकस्त ह्या टायमाला आक्कांचं त्वांड बंद ठेवा."

ह्यांनी ते शब्दशः पाळलं. कचेरीच्या फाटकातच माझ्या तोंडात वेलदोडा घातला आणि म्हणाले, "हा चावायचा नाही. आणि दस्त होईपर्यंत काढायचाही नाही."

साहेब तेच. त्यांनी दस्त वाचला आणि माझ्याकडं बघितलं. "बाई, घर स्वीकारताय ना?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांगा."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी डोळे वटारले. मी पुन्हा मान हलवली, जोरात.

साहेबांनी चष्मा काढला. "गेल्या वेळी याच होत्या ना? काय झालं हो यांना? आवाज गेला का?"

आणि बाळ्या, माझा तो पाणी प्यायल्याशिवाय न बोलणारा बाळ्या, कुणी विचारायच्या आत फाडकन बोलला, "न्हाय सायेब! आक्कानं आज बोलायचा हक्क सोडलाय!"

कचेरी हसली. शिपाई हसला. हे तर भिंतीला टेकून हसले. मला उत्तर द्यायचं होतं हो, चांगलं दणदणीत उत्तर सुचलंही होतं. पण समोर घर होतं आणि तोंडात वेलदोडा.

ते बक्षीसपत्र आज मंगळवार पेठेतल्या आमच्या कपाटात आहे. हवं तर दाखवते. तोंड बंद असलेला माझा जगातला एकमेव फोटो त्याच्यावर आहे.