हाडोळ्याचा डबा

काळ्या मातीचं कौतुक ऐकलं की माझं डोकं अजून सणकतं. काळी आई, काळं सोनं, कसदार रान. बोलणाऱ्याने जन्मात कुदळ धरलेली नसते, पण डोळे मात्र पाणावतात. मी त्या मातीला नावं ठेवत नाही. माती तपासायच्या खात्यात सारी नोकरी काढली, तिचे गुण मला तोंडपाठ आहेत. भिजली की फुगते, वाळली की पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी महिनोन्महिने धरून ठेवते. सगळं खरं आहे. ती आमची कधी नव्हती, एवढंच.

आमचा होता परभणीकडच्या एका गावाबाहेरचा माळ. तिथं हातभर खणलं की मुरूम लागतो. मुरमाखाली मांजऱ्या खडक, भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढरे खडे गच्च बसलेले. त्याच्याखाली पहार उसळून लावणारा काळा पाषाण. विहीर खोल गेली तर दोन काळ्या थरांच्या सांध्यात विटेच्या रंगाचा एक पट्टा दिसतो. लाव्हा थंड झाला, त्यावर राख बसली, माती झाली आणि वरून दुसरा लाव्हा वाहत येऊन ती भाजून निघाली, असं मी पुढे पुस्तकात वाचलं. माळावरची वरची माती तांबूस, खड्यांनी भरलेली. पाऊस उघडला की थोड्या वेळात कोरडी ठणठणीत. हुलगे आणि बाजरी सोडून काही धरायची नाही. गावची मेलेली ढोरं ओढून टाकायची जागा शेजारीच होती, म्हणून त्या तुकड्याला हाडोळा म्हणत. महारकीच्या कामाबद्दल तो आमच्या घराण्याला मिळालेला होता.

माझा बा म्हणायचा, "आपल्याच माळाची माती व्हावून त्यांच्या रानात गेली. आपल्याला खडे ऱ्हायले." मला वाटायचं, बाचं आपलं काहीतरी. खात्यात लागल्यावर कळलं की शास्त्रही हेच सांगतं. खडक दोन्हीकडे एकच. बारीक कण उतारावरून वाहत जातात, सखल भागात साचतात, तीच खोल काळी जमीन. वर उरतो तो दगडगोटा. हे कळलं तेव्हा मला बाचं कौतुक वाटायला हवं होतं. मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत होतो.

हैदराबादेत मी काचीगुड्याला एक खोली घेऊन राहत होतो. मनमाडच्या गाडीची शिटी घरात ऐकू यायची आणि दर वेळी वाटायचं, आपलं काहीतरी करायचं राहून गेलंय. इथली जमीन निराळी. ग्रॅनाइटचे गोल धोंडे एकावर एक, तांबडी वाळूसर माती, उन्हात चमचमणारी. मला ती फार आवडायची, कारण तिला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं.

कचेरीत आमचे हेडक्लार्क होते. बाच्या वयाचे, शेरवानीची वरची गुंडीसुद्धा न विसरणारे, मराठी कळणारे पण बोलणारे दखनी उर्दूत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "गाँव में क्या है मियाँ तुमारा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नदीकाठची काळी आहे. एकदा असं बोललं की मग ते निस्तरत बसावं लागतं. दर दिवाळीला ते कापूस कसा आहे विचारत आणि मी कापूस कसा आहे ते सांगत असे.

राज्याची वाटणी झाली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बा न कळवता कचेरीत आला. डोक्यावर बाजरीचं गाठोडं, धोतर गुडघ्यापर्यंत, पाय धुळीने भरलेले. हेडक्लार्कांनी विचारलं, "ये कौन?" मी म्हणालो, "रानातला गडी आहे आमच्या."

बाला उर्दू येत नव्हती, पण हे मी मराठीतच बोललो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. गाठोडं भिंतीशी ठेवलं, हात जोडले आणि म्हणाला, "येतो, मालक." माझं काम संपेपर्यंत बाहेर थांब म्हणून सांगायलाही माझी जीभ उचलली नाही. तो तसाच स्टेशनवर गेला असणार. पुढे मी दोनदा गावी गेलो, पण त्याने तो विषय काढला नाही. काढला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

मग वाटणी झाली. तेलंगण आंध्रात, मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी मुलूख म्हैसूरकडे. कचेरीत खुर्च्या, कपाटं, टाइपरायटर, सगळ्याच्या याद्या निघाल्या. माणसांना फॉर्म मिळाले: इथे राहणार की तिकडे जाणार. माझा फॉर्म कितीतरी दिवस खिशात होता, घामाने त्याच्या घड्या फाटायला आल्या. तिकडे गेलो तर भाषा आपली, पण तालुक्याच्या गावी पहिल्या दिवशी आडनाव विचारतील आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा माठ बाजूला सरकवतील. इथे राहिलो तर कोणी काही विचारणार नाही, आणि मी आयुष्यभर कापूस कसा आहे ते सांगत बसेन. त्याच हिवाळ्यात बाने देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले होते आणि आमच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला होता. "आता आपुन ते ऱ्हायलोच न्हाई, मंग लपवायचं काय?" असं तो सगळ्यांना सांगत होता. मला उद्देशून म्हणत नव्हता, तरी मला ते टोचत होतं.

मातीच्या नमुन्यांचीही वाटणी होती. पत्र्याचे शेकडो डबे, प्रत्येकात एक चिठ्ठी. ज्या चिठ्ठ्यांवर गाव होतं त्यांचा प्रश्न नव्हता. ज्यांवर नव्हतं त्यांच्याबद्दल मोठ्या साहेबांनी हुकूम काढला: काळी माती तिकडे पाठवा, लाल माती इथे ठेवा. बिनगावाच्या डब्यांत एक माझ्या हाताने भरलेला होता. दोन वर्षांपूर्वी पाहणीला त्या भागात गेलो असताना, बरोबरची माणसं जेवायला बसलेली बघून मी हाडोळ्यावर जाऊन खड्डा घेतला होता. का घेतला ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. चिठ्ठीवर लिहिलं, "माळजमीन, उथळ, खडकाळ, खाली मुरूम." पुढे गाव, जमिनीचं नाव आणि मालकाचं नाव असे तीन रकाने होते. ते मी कोरे सोडले.

रंग तांबूस म्हणून हा डबा हैदराबादच्या लाल ढिगात गेला.

मी तो उचलून काळ्या ढिगात ठेवला. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी यादी तपासताना तो परत लालमध्ये घातला. मी पुन्हा हलवला, त्यांनी पुन्हा परतवला. घरी जेवण जाईना. एका डब्याने असं काय बिघडणार होतं? पण डोळ्यांपुढून ते गाठोडं ठेवणारे हात हटत नव्हते. एकदा बाला गडी केलं होतं, आता त्याच्या मातीलाही मी परक्याच्या ढिगात सोडून देत होतो. स्वतःची किळस आली मला.

तिसऱ्या वेळी डबा हातात असतानाच पकडला गेलो. खोलीत सात-आठ जण होते. हेडक्लार्क चष्मा कपाळावर नेत म्हणाले, "क्या परेशानी है मियाँ? लाल है तो लाल में रखो ना."

"रंग नक्को देखो साब, असल देखो, मूळ बघा," मी जरा जोरातच बोललो. दोन कागद पसरले. एकावर हैदराबादची माती ओतली, दुसऱ्यावर डब्यातली. हैदराबादच्या मातीत गारगोटीचे कण लखलखत होते, हाडोळ्याच्या मातीत एकही नव्हता. मग लोहचुंबक फिरवला. इथल्या मातीतून त्याला चार-दोन कण चिकटले. माझ्या मातीतून बाहेर आला तो काळ्या कणांनी मिशी फुटल्यासारखा. "हा लाव्ह्याचा दगड आहे, साब. मराठवाड्याचा. माती वर राहिली म्हणून तांबूस, खाली वाहून गेली असती तर काळी झाली असती. ही इथली नाही."

हेडक्लार्कांनी चुंबक हातात घेऊन निरखला. त्यांना पटलं होतं. टाक उचलून म्हणाले, "ठीक है. गाँव बोलो. किसकी जमीन है? तुमकू कैसा मालूम?"

आता मात्र तीन रकाने समोर उघडे होते. मी गावाचं नाव सांगितलं.

"जमीन का नाम?"

"हाडोळा."

"वो क्या होता?"

मी सांगितलं. ढोरांची हाडं, महारकी, सगळं.

"मालिक कौन?"

"माझा बाप. उन्हाळ्यात बाजरी घेऊन आला होता तो. गडी नव्हता तो, साब. बाप होता."

त्यांनी टाक खाली ठेवला. मला वाटलं, आता इतक्या वर्षांच्या कापसाचा हिशोब मागणार. पण ते माझ्या टेबलाजवळच्या भिंतीकडे बघत राहिले, जिथे ते गाठोडं ठेवलं होतं. मग हळू म्हणाले, "मैं उनकू खडे रखा. कुर्सी नै दिया. क्या कर दिये मियाँ तुम?" आणि मान खाली घालून त्यांनी तिन्ही रकाने भरले. बाचं नाव दोनदा विचारून नीट लिहिलं.

डबा काळ्या ढिगात गेला. खोलीतल्या एकाने त्यानंतर माझ्या शेजारी जेवणाचा डबा उघडणं सोडलं, बाकीचे होते तसेच राहिले. संध्याकाळी निघताना हेडक्लार्कांनी थांबवलं. "असल देखो बोले तुम. तो फिर तुमारा फॉर्म? तुम भी उधर के हुए ना?"

ते चिडवत नव्हते, खरंच विचारत होते. मी म्हणालो, डब्यातल्या मातीला कोणी विचारत नाही, मला विचारलंय. खिशातला फॉर्म काढला आणि त्यांच्याच टाकाने "हैदराबाद" लिहिलं. लपायला जागा हवी म्हणून मी हेच लिहिणार होतो इतके दिवस. त्या संध्याकाळी लपायचं कारण उरलं नव्हतं, आणि तरीही मला इथेच राहायचं होतं.

पण हे बाला सांगायचं कसं? मुलगा आपल्या मुलखात साहेब होऊन येईल, असं तो वस्तीत बोलून बसला होता. रविवारी मनमाडची गाडी धरली. खिडकीबाहेरचे गोल धोंडे संपले, जमीन काळी होत गेली, सपाट माथ्याचे डोंगर दिसू लागले.

बा माळावर दगड वेचत होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की मी हैदराबादलाच राहणार आहे. तो दगड बांधावर टाकत राहिला. मग मी डब्याचं सांगितलं, की आपली माती आता मुंबई राज्यात गेली.

"तिच्या चिठ्ठीवर काय लिव्हलं?" त्याने विचारलं.

"हाडोळा."

"आन् कुनाचा?"

मी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, आजाच्या नावासकट.

"समद्यांच्या म्होरं?"

"समद्यांच्या म्होरं. तू माझा बाप आहेस, असंही सांगितलं."

तो खाली बसला. मुरमाचा एक खडा उचलून बोटांनी चुरत राहिला, पार भुगा होईपर्यंत. मग हात झटकले.

"मंग आता तू कुठं बी ऱ्हा," तो म्हणाला.