तेलाचं टेबल

पॉलिशवाल्यांना गल्लीत सगळे ‘अजून एक हात’ म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणे, झालं की आता. हे डोळे बारीक करून पॉलिश केलेल्या दाराकडे बघणार आणि म्हणणार, अजून एक हात मारतो. बायको होती तोवर तीही भाजी परत वाढताना हेच म्हणून त्यांना चिडवायची. ती गेली. मग मुलगी नोकरीसाठी लांब गेली, तिथेच तिने संसार थाटला, आणि घरात सोबतीला उरले तेलाचे डबे.

एकदा मुलीने जेवायचं टेबल मागितलं. शेजारच्या सुताराने ते जोडलं, पुढचं काम यांचं. त्यांनी पॉलिशपेपरने घासून लाकूड गालासारखं मऊ केलं, चिंधीने अक्रोडी रंग चोळला. सुतार म्हणाला, आता सीलर मारा, वर लॅकर चढवा, म्हणजे पुन्हा बघायला नको. हे पॉलिशवाल्यांना ठाऊक नव्हतं थोडंच. पण त्यांनी जवसाचं तेलच लावलं. तेल वर्षभरात सुकतं, लाकूड पुन्हा मागतं, आणि मागितलं की कुणालातरी जावं लागतं. सुताराला मात्र सांगितलं, पोरीला तेलाचा वास आवडतो. तेही खोटं नव्हतं.

टेबल मुलीकडे पोचलं, आणि वर्ष सरत आलं तसा त्यांचा जीव फोनपाशी घुटमळू लागला. मोठं काम आलं की टाळाटाळ करायचे. न जाणो, निघावं लागलं तर?

एका सकाळी फोन वाजला. “बाबा, टेबल कोरडं पडलंय. काय करू?”

‘मी येतो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने तेल आणूनही ठेवलं होतं, आणि मागे नात रडत होती. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. रेषेच्या दिशेने चोळ, मुरू दे, वर राहिलेलं पुसून घे. चिंधी चुरगळून टाकू नकोस, पेट घेते. बाहेर पसरून वाळव.

तिने फोन टेबलावरच ठेवला. पलीकडून चिंधीची सरसर येत राहिली. हात सारखा फिरत होता, कुठे अडत नव्हता. ऐकता ऐकता त्यांचा ऊर भरून आला आणि आत कुठेतरी रिकामंही वाटलं.

“जमलं,” ती म्हणाली.

“जमणारच.”

“खालची बाजू तशीच ठेवलीय मी. ती तुम्ही येऊन करा.”

खालच्या बाजूला वर्षानुवर्षं हात नाही लावला तरी काही बिघडत नाही. पॉलिशवाल्यांनी ते सांगितलं नाही. आपण गेलो तर तिला रजा कधी मिळेल, एवढंच विचारलं.